अँडरसनसाहेबांची चारशे पुस्तके

ग्रंथालयाच्या वास्तूतून ग्रंथच निघून गेले, तर मागे उरते त्यास काय म्हणावे? अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराच्या उत्तर भागात, पूर्वीच्या ॲलेघेनी गावी, असा एक ग्रॅनाइटचा वाडा मनोऱ्यावरील घड्याळासह उभा आहे. त्याची कथा मोठी उद्बोधक आहे.

अँड्र्यू कार्नेगी हा स्कॉटलंडमधील एका गरीब विणकराचा मुलगा. १८४८ साली हे कुटुंब ॲलेघेनीस आले. तेरा वर्षांचा अँड्र्यू सूतगिरणीत आठवड्याला सव्वा डॉलरहूनही कमी मजुरीवर राबू लागला आणि पुढे तारा पोहोचविण्याच्या कामास लागला. त्याच गावी कर्नल जेम्स अँडरसन नावाचे सद्गृहस्थ दर शनिवारी आपली सुमारे चारशे पुस्तके कामकरी मुलांना घरी नेण्यास देत. पुढे या संग्रहाच्या व्यवस्थेत बदल होऊन, जे कोणाकडे रीतसर उमेदवारी करीत नाहीत त्यांनी वर्षाला दोन डॉलर भरावेत असा नियम झाला. तारवाल्या पोराने वर्तमानपत्रात पत्र लिहून दाद मागितली आणि दार उघडून घेतले! पुस्तकासाठी असा भांडणारा एखादा तरी विद्यार्थी आपल्या वर्गात निघावा, असे कोणत्या शिक्षकास वाटणार नाही? आमच्या कपाटांच्या किल्ल्याच बहुधा सापडत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

तोच मुलगा पोलादाचा सम्राट झाला आणि त्याने ॲलेघेनीस ग्रंथालय बांधून दिले. १८९० साली राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्या उपस्थितीत त्याचे उद्घाटन झाले. आत संगीतसभागृहही होते. इमारत दात्याची, चालविण्याचा खर्च गावाचा, अशी व्यवस्था होती. पुढे हीच कार्नेगींची अट ठरली: जागा गावाने द्यावी आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम दरसाल स्वतः खर्चावी. या रीतीने जगभर २,५०९ ग्रंथालये उभी राहिली.

परंतु या दानास दुसरी बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८९२ साली कार्नेगींच्याच होमस्टेड येथील कारखान्यात वेतनावरून संघर्ष पेटला. मालकपक्षाने आणविलेले भाडोत्री पहारेकरी आणि कामगार यांच्यात गोळीबार होऊन दोन्हीकडची माणसे मेली. मालक त्या वेळी स्कॉटलंडमध्ये होते. दिवसाचे बारा तास भट्टीपुढे उभे राहणाऱ्या माणसाने पुस्तक वाचावे तरी केव्हा? प्रस्तुत लेखकास या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर कार्नेगींच्या चरित्रात आढळलेले नाही. तरीही ती २,५०९ दारे उघडली, हेही तितकेच खरे.

बडोद्याच्या वाचकांस येथे आपले घर आठवेल. १९१० साली सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले आणि संस्थानभर वाचनालयांचे जाळे विणले. खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जाऊ लागल्या. गावाने वर्गणी जमवावी, तेव्हा सरकारनेही आपला वाटा घालावा, हे तत्त्व येथेही होतेच. फुकट मिळालेल्या वस्तूची निगा कोणी राखत नाही, हे त्या पोलादवाल्याने आणि आपल्या महाराजांनी सारखेच ओळखले होते.

ॲलेघेनी गाव १९०७ साली पिट्सबर्गात विलीन झाले. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नूतनीकरणाच्या नावाखाली त्या वास्तूच्या सुंदर कमानी खोट्या छतांआड गाडल्या गेल्या. २००६ साली मनोऱ्यावर वीज कोसळली आणि ग्रॅनाइटचा तुकडा छत फोडून आत पडला. ग्रंथालयास तेथून बाहेर पडावे लागले, आणि २००९ साली जवळच फेडरल स्ट्रीटवर त्यासाठी नवी इमारत झाली. दहा वर्षांनी, २०१९ साली, शेजारच्या बालसंग्रहालयाने त्या रिकाम्या वाड्यात मोठ्या मुलांसाठी ‘म्युझियम लॅब’ नावाची प्रयोगशाळा उघडली. गंमत अशी की, स्थापत्यकारांनी जुन्या भिंती गुळगुळीत केल्या नाहीत. खोटी छते काढली, कमानी मोकळ्या केल्या आणि काळाचे ओरखडे तसेच राहू दिले. आता मुले तेथे हातांनी वस्तू घडवितात.

कार्नेगींनी तेथेच कर्नल अँडरसन यांचे स्मारकही उभारले होते. त्यात एका कामगाराचा ब्राँझचा पुतळा आहे. शिल्पकार डॅनिएल चेस्टर फ्रेंच. लिंकनचा विख्यात बैठा पुतळाही यांचाच. १९६०च्या दशकात हे स्मारक मोडून काढण्यात आले. १९८८ साली ते पुन्हा उभे राहिले. काम थांबवून तो कामगार ऐरणीवर बसला आहे, आणि त्याच्या मांडीवर पुस्तक उघडे आहे.