नव्या घराच्या सौद्यात ग्राहकाचा माणूस कोण?

शनिवार-रविवारी वाकड, पुनावळे, घोडबंदर रोड किंवा पनवेलमधल्या एखाद्या मोठ्या प्रकल्पाच्या सेल्स ऑफिसात गर्दी असते. आई-वडील, मुलगा, सून, कडेवर लहान मूल. समोर ‘क्लोजिंग मॅनेजर’, शेजारी गृहकर्जवाला आणि या कुटुंबाला गाडीत घालून साइटवर घेऊन आलेला ‘चॅनल पार्टनर’. सॅम्पल फ्लॅट पाहून झालेला असतो. कॉस्ट शीट पुढे सरकते, आजच टोकन दिले तर ‘फ्लोअर राइज’, म्हणजे वरच्या मजल्यासाठीचा जादा आकार, माफ, असे सांगितले जाते आणि आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी तासा-दीड तासात ठरते. त्या टेबलाशी बसलेल्यांपैकी एकालाही या कुटुंबाचे हित पाहण्यासाठी पैसे मिळणार नसतात.

‘मी तुमच्याकडून एक रुपयाही घेत नाही,’ असे चॅनल पार्टनर सांगतो आणि ते खरेच असते. त्याची दलाली बिल्डर देतो, तीही विक्रीच्या किमतीवर टक्क्यांनी. नव्वद लाखांच्या फ्लॅटवर तीन टक्के धरले तरी दोन लाख सत्तर हजार होतात. बिल्डर हा पैसा प्रकल्पाच्या खर्चातच धरतो, म्हणजे शेवटी तो ग्राहकाच्याच खिशातून जातो. फुकट मिळालेला हा सल्ला ग्राहकाने विकतच घेतलेला असतो. फक्त सल्लागाराची निष्ठा त्यात आलेली नसते.

यात चॅनल पार्टनरच्या सचोटीवर शंका घेण्याचे कारण नाही. त्यांच्यातले अनेक जण कष्टाळू आहेत, आपल्या भागातला रस्ता न् रस्ता त्यांना ठाऊक असतो. पण पैसे ज्याचे, काम त्याचे, हा कुठल्याही धंद्याचा नियम आहे. समोरच्या गल्लीत भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली, राहायला तयार इमारत आहे आणि तिथे जीएसटी लागत नाही, हे त्याने आपणहून का सांगावे? बांधकाम चालू असलेल्या नव्वद लाखांच्या फ्लॅटवर पाच टक्के दराने साडेचार लाख रुपये जीएसटी भरावा लागतो. मध्यमवर्गीय घरात एवढे पैसे साठायला काही वर्षे जातात.

२०१६ चा रेरा कायदा वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. एजंटची, म्हणजे चॅनल पार्टनरचीही, व्याख्या करताना कायदा म्हणतो की, तो व्यवहारात एका व्यक्तीच्या वतीने काम करतो. ती व्यक्ती कोण, हे त्याने ग्राहकाला सांगितलेच पाहिजे, असे मात्र एजंटची कर्तव्ये सांगणाऱ्या कलम १० मध्ये कुठेही लिहिलेले नाही. नोंदणी नसलेला प्रकल्प विकू नये, हिशेब ठेवावेत, खोटी माहिती देऊ नये, बुकिंगच्या वेळी ग्राहकाला हक्काची कागदपत्रे मिळवून द्यावीत, हे सगळे त्यात आहे. या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, पुढचे पाऊल टाकले, एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आणली आणि १ जानेवारी २०२४ पासून प्रमाणपत्र सक्तीचे केले. हा निर्णय चांगलाच होता. एजंटचे ज्ञान त्याने वाढले, बाजू मात्र होती तीच राहिली.

अमेरिकेत हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी ऐरणीवर आला. घर दाखवत हिंडवणारा एजंट आपलाच आहे, असे बहुसंख्य खरेदीदार समजतात आणि कायद्याने तो विक्रेत्याशी बांधलेला असतो, हे फेडरल ट्रेड कमिशनच्या १९८३ च्या अहवालातून पुढे आले. त्यानंतर एकेका राज्याने एजंटला आपली बाजू उघड करायला लावणारे नियम केले आणि फक्त खरेदीदारासाठी काम करणारे एजंट उभे राहिले. डॅलसच्या उपनगरात किंवा न्यू जर्सीत नवे घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना हे परिचयाचे आहे. मॉडेल होममध्ये हसतमुखाने स्वागत करणारा माणूस बिल्डरचा. आपला एजंट आपण वेगळा न्यायचा, आणि तोही पहिल्याच भेटीला, कारण नंतर आणलेल्या एजंटला अनेक बिल्डर मानत नाहीत. आपल्याकडेही पहिल्या भेटीला नाव-नंबर लिहून घेतात. त्याला ‘टॅगिंग’ म्हणतात, आणि त्यातून ठरते ते एवढेच की या ग्राहकाची दलाली कोणत्या चॅनल पार्टनरला द्यायची.

तिथली व्यवस्थाही निर्दोष नाही. खरेदीदाराच्या एजंटचे कमिशनही बऱ्याचदा बिल्डरच देतो, आणि मग त्याची जीभ किती मोकळी राहत असेल, हा प्रश्न उरतोच. कमिशनच्या या गुंत्यावरून झालेले दावे मिटवण्यासाठी तिथल्या रिअल्टर्सच्या राष्ट्रीय संघटनेने मार्च २०२४ मध्ये ४१.८ कोटी डॉलर द्यायचे कबूल केले. १७ ऑगस्ट २०२४ पासून या व्यवस्थेतल्या एजंटला घर दाखवण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करावा लागतो आणि आपला मोबदला त्यात स्पष्ट लिहावा लागतो. हा कागद आपल्याकडेही हवा.

कारण आपला माणूस नसला तर काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमधल्या सात इमारतींना पालिकेची परवानगी पाच मजल्यांची होती. त्यातली एक वीस मजल्यांपर्यंत चढली. १९८४ मध्येच पालिकेने काम थांबवण्याची नोटीस दिली होती. तरीही फ्लॅट विकले गेले, लोकांनी ते घेतले, संसार थाटले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे वाढीव मजले बेकायदा ठरवले आणि २०१४ च्या जूनमध्ये पालिकेची पथके वीज, पाणी, गॅस तोडायला दारात उभी राहिली. मंजूर नकाशा आणि ती नोटीस पालिकेत जाऊन पाहणारा एक माणूस त्या वेळी खरेदीदारांनी नेमला असता, तर कित्येक कुटुंबांचे म्हातारपण कोर्टाच्या फेऱ्यांत गेले नसते.

आज त्यातली बरीच माहिती महारेराच्या संकेतस्थळावर मिळते. तिथे प्रकल्पावरचे दावे असतात, जमिनीवरचा बोजा असतो, ताब्याची जाहीर केलेली तारीख आणि तिला मिळालेली मुदतवाढ असते, आर्किटेक्ट, इंजिनीअर आणि सीएची प्रमाणपत्रे असतात. पण ही माहिती वाचायला सराव लागतो. बांधकाम सुरू करण्याची परवानगी, म्हणजे सीसी, बऱ्याचदा टप्प्याटप्प्याने मिळते. बाविसाव्या मजल्यावरचे घर बुक करणाऱ्याने सीसी कितव्या मजल्यापर्यंत आली आहे, हे विचारायला हवे. किती जण विचारतात? एकूण किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्याआधी बिल्डरने नोंदणीकृत करार केलाच पाहिजे, हे रेरा कायद्याचे कलम १३ सांगते. तरीही ‘सगळ्यांनी दिलेत’ म्हटले की लोक चेक फाडून देतात.

आणि करारनामा! शंभर-सव्वाशे पानांचा तो गठ्ठा सही करण्याच्या आदल्या दिवशी हातात पडतो. गुरुग्राममधल्या एका प्रकल्पाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये असाच करार तपासला. ग्राहकाचा हप्ता चुकला तर अठरा टक्के व्याज आणि बिल्डरने पैसे परत करायला उशीर केला तर नऊ टक्के, असे त्यात लिहिलेले होते. एकतर्फी कलमे ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचे सांगून न्यायालयाने त्या ग्राहकाला न्याय दिला. पण त्यासाठी त्याला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले. महाराष्ट्रात आदर्श करार आहे, आणि अपरिहार्य परिस्थिती, दोषदायित्व, चटई क्षेत्र, अभिहस्तांतरण ही कलमे बदलता येणार नाहीत, असे महारेराने बजावले आहे. बाकीच्या पानांत काय घातले आहे, ते ग्राहकाच्या बाजूने वाचणारे डोळे हवेतच.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे ‘बँकेने कर्ज मंजूर केले, म्हणजे कागद ठीकच असणार’. बँक कागद तपासते ते आपले कर्ज सुरक्षित राहावे म्हणून. पार्किंगची जागा इतकी अरुंद आहे की गाडीचे दार उघडणार नाही, जाहिरातीतला जलतरण तलाव तिसऱ्या टप्प्यात येणार आहे, किंवा ताबा घेताना बाथरूमचा उतार उलटा आहे, याच्याशी तिला कर्तव्य नसते. बांधकामातले दोष ताब्यापासून पाच वर्षे बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचे आहेत; पण दोष वेळेत ओळखून लेखी नोंदवणारा कोणी तरी लागतोच.

हा माणूस वकील असेल, इंजिनीअर असेल, अनुभवी एजंट असेल किंवा अशा दोघा-तिघांनी मिळून चालवलेले कार्यालय असेल. अट एकच: त्याची फी ग्राहकाने द्यायची, ती आधी ठरलेली असावी, आणि सौदा झाला काय न झाला काय, तेवढीच राहावी. टक्क्यांवर काम करणारा ‘हे घर घेऊ नका’ असे सहसा म्हणत नाही. सत्यनारायणाच्या पूजेवर आणि मॉड्युलर किचनवर मोकळ्या हाताने खर्च करणारी कुटुंबे या फीसाठी हात आखडतात, याचे वाईट वाटते. अर्थात त्यांना दोष देण्यात फारसा अर्थ नाही. अशी सेवा बाजारात ठळकपणे दिसतच नाही.

ती दिसावी यासाठी महारेराला नवा कायदा लागत असेल असे वाटत नाही. पहिल्या साइट व्हिजिटच्या आधी एजंटने एक पानी मराठी निवेदन द्यावे: मी कोणाचे काम करतो, मला कोण आणि किती पैसे देणार आहे. आणि एजंटांच्या नोंदणीतच ‘फक्त खरेदीदारासाठी’ असा वेगळा वर्ग असावा, ज्यातल्या माणसाला बिल्डरकडून काहीही घेता येणार नाही. २०१८ मध्ये महारेराने सलोखा मंच सुरू केला, तेव्हा बिल्डरांच्या संघटनांबरोबर मुंबई ग्राहक पंचायतीलाही त्यात स्थान दिले. भांडण झाल्यावर ग्राहकाच्या शेजारी बसायला जाणकार माणूस लागतो, हे तेव्हाच मान्य झाले आहे. ग्राहक संघटनांच्या मदतीने अशाच जाणकारांची जिल्हावार यादी करून ती प्रत्येक प्रकल्पाच्या महारेरा पानावर, बुकिंग करण्याआधीच दिसेल अशी लावायला काय हरकत आहे?