चार इयत्ता, एक खोली

यंदाच्या पावसाळ्यात धाराशिव जिल्ह्यातली एक जिल्हा परिषद शाळा पाहिली. दोन खोल्यांपैकी एकीला कुलूप. निर्लेखनाचा प्रस्ताव वर गेलेला. दुसरीत पहिली ते चौथीची सगळी मुलं. फळ्याच्या डाव्या अंगाला गुरुजी पहिली-दुसरीकडून अक्षरं गिरवून घेत होते, उजवीकडे बाई चौथीचा भागाकार समजावत होत्या आणि तिसरी मध्ये बसून दोन्हीकडचं ऐकत होती. पत्र्यातून पाणी ठिबकायचं तिथली मुलं दप्तरं मांडीवर घेऊन सरकलेली. भिंतीवर प्रशिक्षणात मिळालेला तक्ता होता: सहा-सहांचे गट, प्रत्येक गटाला एक कोपरा. तिथं वाट काढायलाही जागा नव्हती.

‘प्रशिक्षणातलं वर्गात उतरत नाही’ ही तक्रार गटसाधन केंद्रांत कायम ऐकू येते आणि दोष शिक्षकाच्या माथी जातो. माझ्या मते दोष आपला, प्रशिक्षकांचा आहे. आपण जे शिकवतो ते त्या खोलीसाठी तयारच झालेलं नसतं.

शिक्षणहक्क कायदा, २००९ प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक देतो आणि प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली. म्हणजे चौथीपर्यंतच्या लहान शाळेत एका शिक्षकाकडे दोन इयत्ता येणारच. वस्त्या-तांड्यांवर हेच नेहमीचं चित्र. तरी बहुवर्ग अध्यापनाला आपल्या शिबिरांत शेवटचा, घाईचा तास मिळतो. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी उभं केलेलं काम पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. परतल्यावर त्यांच्या वर्गांच्या फरशा तशाच रंगल्या. पण फरशीवरची ती आखणी मुलं आपापली शिकू लागावीत म्हणून होती; त्यासाठी मुलांची तयारी करून घेणं मागे पडलं.

दिवाळीच्या सुमारास भूम, वाशी, कळंबकडची कुटुंबं ऊसतोडीला निघतात. काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापांबरोबर जातात नि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांचा बुडालेला अभ्यास कुठून धरायचा, हे आपल्या कोणत्या घटकसंचात आहे?

इमारतींचंही बोललं पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा-उमरगा पट्ट्यात शाळा नव्यानं बांधल्या गेल्या. त्या बांधकामांना आता तीस वर्षं होत आली. प्रशिक्षणानं छप्पर दुरुस्त होत नाही. म्हणून गळकी, धोक्याची खोली दिसली की शेरेबुकात ती स्पष्ट नोंदवा, खाली सही करा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठपुरावा ठेवा. ‘वातावरण आनंददायी’ असा शेरा त्या मुलांवर अन्याय आहे.

पुढच्या शिबिराआधी प्रत्येक साधनव्यक्तीनं आपल्या केंद्रातल्या सर्वांत दाटीच्या शाळेत पूर्ण दिवस बसावं आणि निदान एक तासिका दोन इयत्तांना एकत्र शिकवावी. एका इयत्तेला शिकवताना दुसरी काय करत होती, कुठं अडली, कोणी कोणाला समजावलं, एवढं लिहून आमच्याकडे पाठवा. फोटो नकोत. पुढच्या अंकाची पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत.