ताटात काय आहे ते विचारा, कुणी वाढलं ते कशाला?

हॉटेलात बसलेल्या माणसाला दोन प्रश्न विचारता येतात. यात काय घातलंय? आणि हे कुणी केलंय? पहिला प्रश्न पोटाचा आहे, श्रद्धेचाही आहे. तो जरूर विचारावा. मी स्वतः मटण हलाल आहे का ते विचारतो, जैन माणूस कांदा-लसूण विचारतो. दुसरा प्रश्न मात्र जेवणाबद्दल नसतोच. तो माणसाबद्दल असतो, आणि त्याचं उत्तर विचारणाऱ्याच्या डोक्यात आधीच तयार असतं.

जुलै २०१९ मध्ये जबलपूरच्या एका गिऱ्हाइकाने झोमॅटोवरची ऑर्डर रद्द केली, कारण डबा घेऊन येणारा मुसलमान होता. अन्नाला धर्म नसतो, असं कंपनीने सुनावलं आणि देशभर कौतुक झालं. त्याच कंपनीने मार्च २०२४ मध्ये शुद्ध शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी हिरव्या कपड्यातले वेगळे डिलिव्हरीवाले जाहीर केले. मग लाल कपड्यातल्या पोऱ्याला सोसायटीच्या फाटकावर काय ऐकावं लागेल, हा प्रश्न लोकांनी विचारला, तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी हिरवे कपडे मागे घेतले गेले.

त्याच वर्षी कांवड यात्रेच्या वाटेवरच्या खाणावळींनी मालकाचं नाव पाटीवर लिहावं, असा फतवा उत्तर प्रदेशात निघाला. (फतवे फक्त आमच्याकडेच निघतात असं नाही!) सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै २०२४ रोजी त्याला स्थगिती दिली. पदार्थ कोणता मिळतो ते दुकानदाराने लिहावं, नाव लिहिण्याची सक्ती नको, असं न्यायालय म्हणालं. माझे दोन प्रश्न वेगळे आहेत ते याच अर्थाने.

आपल्या महाराष्ट्रात मार्च २०२५ मध्ये मंत्री नितेश राणे यांनी झटका मटणाच्या हिंदू दुकानांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्र आणलं. यावर माझे काही मित्र लगेच म्हणाले, मग तुमचं हलाल काय वेगळं? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. हलालमध्ये कापणारा बहुधा मुसलमानच असतो, त्यामुळे हिंदू खाटकाला त्या धंद्यात जागा मिळत नाही, ही त्याची तक्रार खरी आहे. झटका मटण मागणाऱ्याला ते मिळावं, त्याची पाटीही लागावी. पण ‘आमचं मटण असं कापलेलं आहे’ हे सांगणं वेगळं आणि ‘त्यांच्याकडून घेऊ नका’ हे सांगणं वेगळं. मल्हारचा प्रचार दुसऱ्या वाटेने गेला.

गंमत अशी की, जुन्या गावगाड्यात मुलाणी हा सगळ्या गावाचा होता. जत्रेतलं बकरं तोच कापायचा आणि त्याचा वाटा घेऊन जायचा. तेव्हा गाव बाटलं नाही. याचा अर्थ ते गाव समतेचं होतं असा मुळीच नाही. त्याच गावात दलिताचा कप हॉटेलाबाहेर वेगळा ठेवलेला असे, प्यायल्यावर त्यानेच तो धुवायचा. वाढणाऱ्याचा हात बघायची सवय मुळात जातीने लावली, धर्म नंतर त्या पंगतीत येऊन बसला. आमच्या दस्तरख्वानावर सगळे एक, असं आम्ही सांगतो खरं, पण मुसलमानांतल्या अश्रफ, अजलफ, अरजल या उतरंडीबद्दल बाबासाहेबांनी ‘पाकिस्तान’वरच्या ग्रंथात लिहून ठेवलंय, ते आम्ही वाचत नाही.

राज्यघटनेच्या कलम १५(२) ने धर्म, जात, वंश, लिंग यावरून कुणालाही उपाहारगृहात मज्जाव करता येणार नाही असं सांगितलं. फार मोठी गोष्ट झाली. पण त्या कलमाने दार उघडलं ते गिऱ्हाइकासाठी. आत राबणाऱ्याचं काय? नोकरीतल्या समान संधीचं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं आहे. खासगी हॉटेलवाल्याने धर्म बघून वेटर नाकारला तर दाद मागायला सरळ कायदा नाही.

रिठदहून वाशीम-रिसोड रस्त्याने कितीतरी पोरं पुण्या-मुंबईकडे कामाला जातात. सोयाबीनच्या भरवशावर घर चालत नाही म्हणून जातात. माझ्या नात्यातला एक पोरगा तिकडच्या एका हॉटेलात लागला. मालकाने पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘माझी काही हरकत नाही रे बाबा, पण गिऱ्हाईक कटकट करतं.’ आणि त्याला दुसरं नाव दिलं. छातीवरच्या बिल्ल्यावर ते नाव आहे. घरून फोन आला की तो मोरीत जाऊन बोलतो, कारण आई त्याला खऱ्या नावाने हाक मारते आणि तो सवयीने सलाम करतो. मालक वाईट नाही. पगार वेळेवर देतो, ईदला सुट्टी देतो, फक्त ‘गावी आजारपण आहे’ असं बाकीच्यांना सांगायला लावतो.

‘गिऱ्हाईक कटकट करतं’ ही सबब मला सगळ्यात जास्त खुपते. गिऱ्हाइकाने फुकट पापड मागितला तर हाच मालक हुज्जत घालतो, उधारी मागितली तर पाटी दाखवतो. म्हणजे नाही म्हणता येतं! हॉटेलवाल्यांच्या गावोगाव संघटना आहेत, तेलाचे भाव वाढले की त्या मिळून चहाचा दर ठरवतात. वाढणाऱ्याचं नाव-गाव विचारून ताट परत करणाऱ्याचं बिल माफ होणार नाही, एवढं त्यांनी मिळून ठरवावं आणि दरपत्रकाच्या खाली छापावं. आणि पोराच्या बिल्ल्यावर त्याच्या आईने ठेवलेलं नाव लिहावं.