वॅटचा मोह आणि कानाची पारख

नवी मोटार घरी आली, अंबाबाईच्या दर्शनाला नेऊन आणली, की कोल्हापुरातील पुष्कळ मालकांची पुढची खेप ठरलेली असते, ती गाडीत गाण्याची सोय करून देणाऱ्या दुकानाकडे. कारखान्यातून बसवून आलेला संच मिळमिळीत वाजतो, ही त्यांची तक्रार निराधार म्हणता येणार नाही. बेताच्या किमतीच्या मोटारींत स्पीकरही बेताचेच असतात. तेव्हा चांगला संच घ्यावा, चांगले स्पीकर बसवावेत, या इच्छेत गैर काही नाही. गैर आहे तो दुकानात शिरताच विचारला जाणारा पहिला प्रश्न : ‘किती वॅटचा?’

या प्रश्नाला खोक्यावर उत्तर तयारच असते. प्रत्येकी पन्नास वॅटच्या चार वाहिन्या, असे ठळक अक्षरांत छापलेले असते. पण हा आकडा एखाद्या क्षणापुरत्या कमाल शक्तीचा असतो. मोटारीची बॅटरी 12 व्होल्टची. इंजिन चालू असताना दाब फार तर 14 व्होल्टच्या आसपास जातो. तेवढ्या दाबावर, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर नसताना, नेहमीच्या 4 ओहमच्या स्पीकरला सलग मिळणारी शक्ती वीस वॅटच्या घरातच राहते. हा पदार्थविज्ञानाचा साधा हिशेब आहे. जाहिरातीने तो बदलत नाही. म्हणून पाहावयाचा आकडा ‘कमाल’ नव्हे, तर ‘आर. एम. एस.’, म्हणजे सलग झेपणाऱ्या शक्तीचा.

दुसरीही एक गोष्ट ग्राहकाला क्वचितच सांगितली जाते. शक्ती दुप्पट केली, तरी आवाज केवळ 3 डेसिबलने वाढतो. तो कानाला दुप्पट वाटावयाचा, तर शक्ती सुमारे दसपट लागते. उलट ज्या स्पीकरची संवेदनक्षमता 3 डेसिबलने अधिक, तो निम्म्या शक्तीत तेवढाच आवाज देतो. म्हणजे वॅटमागे धावण्यापेक्षा स्पीकर पारखून घेणे स्वस्त आणि शहाणपणाचे. पुढच्या दोन दारांत बारीक व मधल्या स्वरांचे वेगवेगळे स्पीकर असलेली चांगली जोडी बसवावी. दारांच्या पत्र्याला आतून कंप शोषणारे अस्तर लावावे. तारा योग्य जाडीच्या घ्याव्यात. अ‍ॅम्प्लिफायर बसविलाच, तर बॅटरीजवळ फ्यूज असल्याखेरीज गाडी ताब्यात घेऊ नये. मूळ तारा कापून जोड देणाऱ्या कारागिराला नकार द्यावा. त्यात आगीची भीती आहे आणि गाडीच्या हमीवरही पाणी सुटण्याचा संभव आहे. हे सारे झाल्यावर पैसे उरले, तर डिकीतील वूफरचा विचार करावा. प्रत्यक्षात क्रम नेमका उलटा असतो. आधी वूफर येतो. मग खडखडणाऱ्या पत्र्यावर मात करण्यासाठी आवाज आणखी चढविला जातो.

वस्तुतः कोल्हापूरला कान कसा असावा हे कोणी बाहेरून येऊन शिकविण्याची आवश्यकता नाही. शाहू महाराजांच्या आश्रयाने उस्ताद अल्लादिया खाँ येथे राहिले. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिकांनी त्यांच्याकडून विद्या घेतली. 1883 पासूनच्या देवल क्लबाने या नगरीत जाणता श्रोता घडविला. ध्वनिक्षेपक नसलेल्या बैठकांत तानपुऱ्याच्या जोडीचा मेळ ऐकू येत होता, याचे कारण श्रोते गप्प बसत. चांगल्या ध्वनीची पहिली अट शांतता ही आहे.

त्याच नगरीत आज ‘डॉल्बी’ म्हटले, की मिरवणुकीतील स्पीकरच्या भिंती डोळ्यांपुढे येतात आणि छाती धडधडू लागते. या शब्दाचा प्रवास मोठा विलक्षण आहे. रे डॉल्बी या अभियंत्याने 1965 साली लंडनमध्ये कंपनी काढली, ती ध्वनिफितीतील सरसर कमी करण्यासाठी. नको असलेला आवाज काढून टाकणाऱ्याचे नाव आपल्याकडे नको असलेल्या आवाजाला पडावे, यापरते दुर्दैव कोणते? मोटारीत डिकी भरून वूफर बसविणारा तरुण त्या मिरवणुकीची एक लहानशी प्रतिकृती वर्षभर बरोबर घेऊन फिरत असतो.

‘गाडी माझी, पैसा माझा, कानही माझे’ असे यावर सांगितले जाते. पण कानाचा हिशेब निष्ठुर आहे. 85 डेसिबलचा आवाज रोज आठ तासांपर्यंत सोसावा, असे अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेचे प्रमाण आहे. पुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते आणि 100 डेसिबलला ती केवळ पंधरा मिनिटांवर येते. आतल्या कानातील पेशी एकदा मेल्या, की परत येत नाहीत. शिवाय मोटार हे बंद घर नव्हे. गगनबावड्याच्या किंवा आंब्याच्या घाटात वळणापलीकडून आलेला हॉर्न, महामार्गावर मागून येणारी रुग्णवाहिका, हे ऐकू न येणाऱ्या चालकाच्या हाती इतरांचेही प्राण असतात. सीपीआरसमोरून दणदणाट करीत जाणाऱ्या गाडीच्या कंपाने खाटेवरचा रुग्ण दचकतो, त्याचे कान मात्र त्या मालकाचे नव्हेत. 2000 सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, तर शांतता क्षेत्रासाठी 50 आणि 40 डेसिबल ही मर्यादा घातली आहे. परंतु फिरत्या गाडीमागे मोजणीयंत्र घेऊन धावणे पोलिसांना किती शक्य आहे, हे सर्वांना ठाऊक आहे.

म्हणून या प्रश्नाचा निकाल चौकात नव्हे, दुकानात लागावयास हवा. विक्रेत्याने सलग शक्तीचा आकडा आपण होऊन सांगावा. ग्राहकाने स्वतःच्या पूर्ण परिचयाचे एखादे गाणे बरोबर न्यावे आणि ते बारीक आवाजात लावावयास सांगावे. त्या आवाजात शब्द स्वच्छ कळले, तबल्याची शाई आणि चाट वेगळी ओळखू आली, तर तो स्पीकर घ्यावा. न आली, तर कितीही वॅट छापलेले असोत, खोके परत करावे. मोठ्या आवाजात सगळेच स्पीकर दांडगे वाटतात. त्यांची खरी प्रत हळू आवाजातच कळते. माणसांच्या बाबतीतही अनुभव फारसा निराळा नाही.