जोयड्याच्या वाड्या आणि दिल्लीचा निधी

काळी नदीवर गणेशगुडी येथे धरण झाले, तेव्हा तालुक्याचे जुने ठाणे सुपा पाण्याखाली गेले आणि कचेऱ्या जोयड्यास हलवाव्या लागल्या. त्या पाण्याची वीज राज्यभर गेली. एवढे देणाऱ्या तालुक्याच्या पदरात काही पडावयाचे म्हटले की मात्र सरकारचा हात आखडतो. ग्रामीण ब्रॉडबँडची कथा याहून निराळी नाही.

ऑक्टोबर 2011 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली. मुदत दोन वर्षांची होती. 2015 मध्ये तिचे 'भारतनेट' असे नवे बारसे झाले; मात्र एक लाख पंचायतींचा पहिला टप्पा पुरा होण्यास 2017 चा डिसेंबर उजाडला. 2021 मध्ये कर्नाटकासह 16 राज्यांतील काम खासगी भागीदारीत देण्याचे ठरले, तर निविदा भरावयास कोणी पुढेच आले नाही. अखेर ऑगस्ट 2023 मध्ये 1,39,579 कोटी रुपयांची सुधारित योजना मंजूर झाली.

मग इतकी वर्षे पैसा नव्हता काय? होता. खेड्यांच्या दूरसंचारासाठीच कंपन्यांच्या महसुलातून 5 टक्के आकार घेतला जातो. परंतु ही रक्कम प्रथम भारताच्या एकत्रित निधीत जमा होते आणि तेथून अर्थसंकल्पात जेवढी तरतूद होईल तेवढीच बाहेर पडते. वर्षानुवर्षे तिचा मोठा भाग खर्चाविना राहिला. 2024 पासून तिला 'डिजिटल भारत निधी' म्हणतात. नावे बदलण्यात आमची सरकारे कधीच दिरंगाई करीत नाहीत!

अरण्यातील अडचणी आम्ही नाकारीत नाही. काळी व्याघ्र प्रकल्पात चर खणावयाचा तर वनखात्याची परवानगी हवी, आणि ती सहजासहजी मिळू नये हेही योग्यच. पण जेथे विजेचे खांब आहेत, तेथे केबल त्यांवरून नेता येते. खरी मेख पुढेच आहे. फायबर पंचायत कचेरीत पोचले तरी कुणब्यांच्या वाड्या तेथून मैलोगणती दूर असतात. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा सह्याद्रीतील कितीतरी मुले सिग्नलसाठी टेकड्या चढत होती. शिधावाटपाच्या यंत्रावर अंगठा उमटावयासही जोडणीच लागते.

उत्तर कन्नडच्या खासदारांनी सरकारला संसदेत एवढेच विचारावे : मंजूर रकमेपैकी जोयड्याच्या वाट्यास किती, ती कोणत्या महिन्यात, आणि केबल कोणत्या वाडीपर्यंत?