हक्काचा पैसा, पण कोणत्या वाटेने?

२००८ च्या मंदीत अमेरिकेतला घरबाजार कोसळला, तेव्हा तिथल्या सरकारने पहिलं घर घेणाऱ्यांना करसवलत दिली. आधी ती ७,५०० डॉलरपर्यंत होती. पण ते खरं तर १५ वर्षांत फेडायचं बिनव्याजी कर्जच होतं. २००९ मध्ये मर्यादा ८,००० डॉलर झाली आणि त्या घरात तीन वर्षं राहिल्यास परतफेडही माफ झाली.

शिवाय घर २००९ मध्ये घेतलं, तरी सवलत २००८ च्या विवरणपत्रात मागता येत होती. ते आधीच भरलेलं असेल, तर सुधारून पाठवायचं. हेतू असा, की घर घेऊन खिसा रिकामा झालेल्या कुटुंबाला पैशासाठी पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागू नये.

हेतू चांगला, वाट मात्र जुनी. मूळ विवरणपत्र ऑनलाइन भरता यायचं, परतावा थेट बँकेत यायचा. सुधारित विवरणपत्राचा '१०४०-एक्स' फॉर्म मात्र कागदावरच, टपालाने. परताव्याचा चेकही टपालानेच. त्यासाठी दोन-तीन महिने थांबायचं. हा फॉर्म ऑनलाइन भरण्याची सोय झाली २०२० मध्ये आणि त्याचा परतावा थेट बँकेत यायला लागला २०२३ मध्ये. तोवर सवलत संपून दशक उलटलं होतं.

कुणी म्हणेल, पैसा वाटताना तपासणी नको का? जरूर हवी. पण उशीर आणि तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुरुवातीला घरखरेदीचा पुरावा जोडणंही सक्तीचं नव्हतं. ती अट नोव्हेंबर २००९ च्या कायद्याने आली. तुरुंगातल्या सुमारे १,३०० कैद्यांना ९० लाख डॉलरहून जास्त रक्कम गेल्याचं २०१० मध्ये सरकारी तपासणीतच उघड झालं. प्रामाणिक माणूस टपालाची वाट पाहत होता, त्याच वेळी लबाडांनाही पैसे मिळत होते.

सॉफ्टवेअरच्या कामात आम्ही एक प्रश्न आधी विचारतो: चूक दुरुस्त करणाऱ्यासाठी वाट किती सोपी आहे? भारतात सुधारित विवरणपत्र ऑनलाइन भरता येतं आणि परतावा पडताळलेल्या बँक खात्यात येतो. ही सोय छोटी नाही. म्हणून शिष्यवृत्ती असो वा घरकुल, योजना मागताना आपण तीन गोष्टी सोबतच मागू या: पुरावा कोणता लागेल, अर्जातली चूक कशी सुधारता येईल आणि पैसा किती दिवसांत, कुठे येईल. नुसत्या घोषणेने घराचा हप्ता भरता येत नाही.