सुटींतील उमेदवारी

माझा एक पुतण्या पशुसंवर्धनाच्या उच्च शिक्षणासाठीं अमेरिकेंतील नेब्रास्का संस्थानांत गेला होता. पहिल्या वर्षाची परीक्षा आटोपल्यावर तो सुटींत घरीं येईल म्हणून आम्ही वाट पाहत होतों, तोंच त्याचें कळविणें आलें कीं, उन्हाळ्याचे बारा आठवडे मी गुरांच्या एका वाड्यावर उमेदवारीस राहणार आहें. घरांतील वडील मंडळींस हें मुळींच रुचलें नाहीं. एवढें शिकून शेवटीं शेण काढावयास गेला काय, असें आमच्या मातोश्री म्हणाल्या. त्यांतून तीं गुरें मांसासाठीं पोसलेलीं! पुढें तो परत आला व महिनाभर माझ्याजवळ राहिला, तेव्हां त्याच्याशीं झालेल्या बोलण्यावरून माझी समजूत बरीच पालटली. तो विषय आपल्या सभासदांपुढें मांडावा, या हेतूनें हा लेख लिहीत आहें.

मांसासाठीं गुरें पाळण्याचा धंदा आपल्यांतील बहुतेकांच्या मनास मानवणारा नाहीं, आणि महाराष्ट्रांत तर २०१५ पासून बैल व वळू यांच्याहि हत्येस कायद्यानें बंदी आहे. तो वाद मला येथें काढावयाचा नाहीं. जनावरानें काय खाल्लें, तें त्यास पचलें कीं नाहीं, तें दुखणाईत कशावरून ओळखावें, हें ज्ञान दूध, ओढ आणि मांस असा भेद जाणत नाहीं. शिवाय तिकडील गुरें आपणांस अगदींच परकीं आहेत असेंहि नव्हे. अमेरिकेच्या दक्षिण भागांत ब्राह्मण नांवाची जी वशिंडाची जात आहे, ती आपल्याकडील गीर, कांकरेज, ओंगोल व कांहीं अंशीं कृष्णाकांठची जात यांच्या मिश्रणानें बनलेली आहे. टेक्ससमधील पिअर्स यांच्या वाड्यानें १९०६ च्या सुमारास हिंदुस्थानांतून तीस वळू व तीन गाई नेल्या. १९२४ सालीं तेथील पैदासकारांनीं आपला संघ स्थापन केला. त्यांनीं वंशनोंदी ठेवून ती जात वाढविली. आम्हां कृष्णाकांठच्या लोकांस मात्र कृष्णाकांठची शुद्ध गाय आतां शोधून काढावी लागते.

तिकडील पुष्कळशीं कृषिमहाविद्यालयें १८६२ च्या मॉरिल कायद्यानें मिळालेल्या सरकारी जमिनींच्या पैशांवर उभीं राहिलीं. पुस्तकी विद्या व हातचें काम यांची फारकत होऊं द्यावयाची नाहीं, हा त्यांचा मूळचा रोख. आणि उन्हाळ्याच्या सुटींतील उमेदवारी हें त्याचेंच एक अंग होय. गुरांचे मोठे वाडे, चाऱ्याचे व औषधांचे व्यापारी, पैदासकारांचे संघ हे हिवाळ्यांतच महाविद्यालयांत येऊन विद्यार्थी निवडतात. मेच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत विद्यार्थी तेथें राहतो. त्यास पगार मिळतो, पुष्कळ ठिकाणीं राहण्यास जागाहि मिळते, आणि शेवटीं आपण काय पाहिलें हें मालकापुढें उभें राहून सांगावें लागतें. यांत केवळ विद्यार्थ्याचें हित आहे असें कोणी समजूं नये. २०२२ च्या शेतकी गणनेंत तेथील शेतकऱ्याचें सरासरी वय अठ्ठावन्न वर्षांवर गेलें, आणि २०२५ च्या जानेवारींत त्या देशांतील गुरांची एकूण संख्या ८ कोटी ६७ लाख, म्हणजे १९५१ नंतरची सर्वांत कमी, भरली. पुढें गुरें सांभाळणार कोण, या धास्तीनें तो मालक तरुण मुलास आपल्या गोठ्यांत ओढून आणतो. ही धास्ती आपल्यापैकीं कोणास नाहीं?

पुतण्या ज्या वाड्यावर होता तेथें हजारों जनावरें कप्प्याकप्प्यांनीं बांधल्यावांचून मोकळीं ठेवलेलीं असत. साडेतीनशें किलोंच्या आसपासचें जनावर येतें आणि पांच-सहा महिन्यांत सहाशें किलोंच्या वर जाऊन बाहेर पडतें. खाद्य मुख्यतः मका व मद्यार्काच्या कारखान्यांतून येणारा मक्याचा चोथा. पहाटे, उजाडण्यापूर्वीं, एक जुना जाणता माणूस प्रत्येक कप्प्याची गव्हाण पाहत फिरतो. यास ते लोक ‘गव्हाण वाचणें’ म्हणतात. कालच्यापैकीं किती उरलें, उरलेलें कोरडें आहे कीं आंबूस, जनावरें गव्हाणीकडे तोंड करून उभीं आहेत कीं पाठ फिरवून बसलीं आहेत, शेण घट्ट आहे कीं पातळ, एवढ्यावरून त्या दिवशींचें खाद्य ठरतें, आणि गव्हाणीस शून्यापासून चारपर्यंत गुण देऊन तें वहींत टिपलें जातें. गव्हाण चाटूनपुसून साफ दिसली म्हणून लगेच माप वाढवावयाचें नाहीं. दोन-तीन दिवस पाहून मग थोडें वाढवावयाचें, कारण धान्य एकदम वाढलें कीं पोटांत आम्ल वाढून जनावर बसतें. पुतण्यास पहिला महिनाभर कोणताहि निर्णय घेण्याची मुभा नव्हती. त्यानें फक्त त्या जुन्या माणसाबरोबर हिंडावें, आपले गुण आपल्या वहींत निराळे लिहावे, आणि न्याहारीच्या वेळीं दोन्ही वह्या ताडून पाहाव्या. पहिले पंधरा दिवस गुण क्वचितच जुळत. चुकल्याबद्दल कोणी रागें भरत नसे; परंतु त्या कप्प्याशीं त्यास पुन्हां नेऊन उभें करीत.

हें ऐकतांना मला माझ्या स्वतःच्या खळ्यावरील गोष्ट आठवली. एके वर्षीं कृषिपदवीच्या अभ्यासक्रमाचे चार विद्यार्थी कार्यानुभवासाठीं आमच्या गांवीं होते. दिवाळीच्या सुमारास बाजरीची रास पडलेली असतां माझा एक खिलार बैल रात्रीं दावें तोडून राशीस लागला. पहाटे तो गोठ्याशीं मान खालीं घालून उभा होता. चाऱ्यास तोंड लावीना, रवंथ बंद. विद्यार्थ्यांपैकीं एकजण सहज आला होता, त्यास मीं विचारलें. तो म्हणाला, ‘काका, अपचन असेल, दुपारपर्यंत पाहूं.’ मलाहि तेंच सोयीचें वाटलें, कारण मळणीचीं माणसें खोळंबलीं होतीं. दुपारीं बैल बसला. डॉक्टर आले तेव्हां दिवेलागण झाली होती. मध्यरात्रीं बैल गेला. पुढें त्याच मुलाच्या वहींत धान्यबाधेचें कारण, लक्षणें व उपाय यांसह पानभर सुरेख वर्णन माझ्या दृष्टीस पडलें. त्या मुलास मी दोष देत नाहीं. त्यानें तें दुखणें कागदावर पाहिलें होतें, उभ्या जनावरांत पाहिलें नव्हतें. आणि मी जन्मभर गुरांत वावरूनहि त्या दिवशीं मजुरीचा हिशेब आधीं पाहिला.

आपल्याकडे अशी सोय मुळींच नाहीं असें नव्हे. २०१५ पासून ‘स्टुडंट रेडी’ या नांवाची योजना आहे. तिच्याप्रमाणें कृषिपदवीच्या विद्यार्थ्यास शेवटच्या वर्षीं खेड्यांत कार्यानुभव घ्यावा लागतो. पशुवैद्यकाच्या साडेपांच वर्षांच्या अभ्यासांत तर अखेरचें एक वर्ष उमेदवारीचेंच आहे. कागदावर हें उत्तम दिसतें. माझ्या पाहण्यांत मात्र बहुधा असें येतें कीं, कृषीचे विद्यार्थी सकाळीं फलक घेऊन येतात, बीजप्रक्रियेचें किंवा चाऱ्यावर युरिया शिंपडण्याचें प्रात्यक्षिक करतात, आम्ही ओळीनें उभे राहतों, छायाचित्र निघतें, वहीवर माझी सही होते, आणि दुपारच्या गाडीनें ते परत जातात. शिंपडलेला चारा एकवीस दिवसांनीं उघडून गुरांनीं खाल्ला कीं नाहीं, हें पाहण्यास कोणी येत नाहीं. जनावराचें काम एका दिवसांत दाखवितां येत नाहीं, हें आमच्या प्राध्यापकवर्गाच्या लक्षांत नाहीं असें कसें म्हणावें? परंतु वेळापत्रक तसें, आणि मुलास ठेवून घेणारें घर तरी कोठें आहे?

येथें दोष आपल्याकडेहि येतो. विद्यार्थी घरीं आला म्हणजे आपण एक तर त्यास पाहुणा करून पाटावर बसवितों, किंवा फुकटचा गडी समजून कडबा वाहण्यास लावतों. दुसरा दोष तिकडेहि आहे. पुतण्याच्या एका सोबत्यानें बारा आठवड्यांपैकीं नऊ आठवडे कुंपणाचे खांब रंगविले. पगार मिळाला, पण विद्या मिळाली नाहीं. म्हणून काय शिकवावयाचें तें आधीं लिहून ठरलें पाहिजे, आणि शिकविणारा माणूस घरांत पाहिजे. मालक दिवसभर तालुक्यास असेल तर त्यानें उमेदवार मागूं नये.

आपल्याकडील उन्हाळ्याची सुटी तर या कामास फारच सोयीची आहे. एप्रिल-मेंत चारा संपत आलेला असतो, तेव्हां कोणत्या जनावरास किती द्यावें याचा खरा कस लागतो. पावसापूर्वीं घटसर्प व फऱ्या यांच्या लसी टोंचावयाच्या असतात. उन्हानें संकरित गाईचें दूध आटतें, माज मुका होतो, आणि तो पहाटे उठून पाहिल्याखेरीज सांपडत नाहीं. हें सर्व सहा-आठ आठवडे गोठ्यांत काढलेल्या मुलास जितकें समजेल, तितकें त्यास वर्षभराच्या व्याख्यानांनीं समजेल असें मला वाटत नाहीं.

माझी सूचना एवढीच आहे कीं, आपल्या संघानें दहा जनावरांहून अधिक गोठा असलेल्या व शिकविण्यास राजी अशा सभासदांची यादी करावी, आणि ती घेऊन दिवाळीपूर्वीं महाविद्यालयांच्या प्राचार्यांस भेटावें. गुणपत्रकांत कांहीं गुण ठेवून घेणाऱ्या शेतकऱ्याच्या हातीं असावे, हेंहि त्यांस स्पष्ट सांगावें. मी स्वतः पुढील उन्हाळ्यांत दोन उमेदवार ठेवण्यास तयार आहें. गोठ्याशेजारील खोली, दोन वेळचें जेवण व दरमहा आठ हजार रुपये देईन. पहाटे साडेचारास उठावें लागेल. गव्हाणीची वही मीं आतांपासूनच सुरू केली आहे. माझे गुण व आमच्या जुन्या गड्याचे गुण अजून जुळत नाहींत, आणि बहुतेक वेळां चूक माझीच निघते.